नानीच्या जीपचं स्टेरिंग

माझं नाव पंडित. लोक पंडित मिस्तरी म्हणतात, त्यामुळं नवीन माणसाला वाटतं हा पूजा सांगणारा का काय, अन् एकदा तर एक जण नव्या गाडीची पूजा करायला बोलवायला आला व्हता, म्हणलं बाबा, मी गाडी खोलतो, नारळ तू फोड. मूळ गाव आमचं चांदवडच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, पण वाढलो मी देवळाली कॅम्पात, कारण आमचे दादा, म्हणजे वडील, तिथं मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर व्हते. सैनिक नाय, साधे कामगार, पण खाकी पँटीला अशी इस्त्री मारायचे का कोणालाबी वाटावं सुभेदार चाललेत. आम्हा भावंडांना खेळायला गोट्या नव्हत्या अशातला भाग नाय, पण बेअरिंगचे छर्रे लय व्हते, अन् छर्रा गोटीपेक्षा लांब जातो, हे मी तुम्हाला आजबी पैज लावून सांगतो.

जीप मी पहिल्यांदा चालवली ती दादांच्या मांडीवर बसून, अन् तेव्हा दादांनी पहिली गोष्ट शिकवली ती ब्रेक नाय, क्लच नाय, अंगठा. स्टेरिंग धरताना अंगठा आत घालायचा नाय, चारी बोटांच्या बाजूनं वरच ठेवायचा, कारण जुन्या जीपचं चाक दगडावर आपटलं का स्टेरिंग असा हिसका देऊन फिरतं का आतला अंगठा गेलाच समजा. दादांचा स्वतःचा उजवा अंगठा वाकडा व्हता. मी विचारायचो, दादा हा कसा मोडला, तर म्हणायचे, ऐकलं नाय म्हणून. तर असं ते स्टेरिंग. जड तर इतकं का गाडी उभी असताना फिरवायची म्हणजे आडातून पोहरा वढल्यासारखं, दोन्ही हातांनी, पाठ लावून. लोकांना ती जीप दिसायला लय गोड दिसते, फोटो काढतात, पण गल्लीत एकदा वळवून दाखवा म्हणावं.

शाळेत मी गणितात गचकलो, दोनदा. गंमत बघा, गणितात नापास झालेला माणूस जन्मभर माप घेत बसला. दादांनी एका ओळखीच्या गॅरेजात घातलं, दहा-बारा वर्षं तिथं काढली, मंग नाशिकरोडच्या बाजूला स्वतःचं शेड टाकलं. अन् लग्न झालं ते मंदाशी. आता मंदाचं सांगायलाच पाहिजे, नायतर ती आतून ऐकते हाय, नंतर मला ऐकवीन. तिच्या वडलांचं सातपूरला लोखंड कातायच्या लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप व्हतं, चार मुलीच, मुलगा नाय, अन् ही थोरली, चौदा वर्षांची असल्यापासून लेथवर उभी. मी बघायला गेलो तर पोहे घेऊन आली, केसात लोखंडाचा बारका कीस चमकत व्हता. आमच्या मावशीनं विचारलं, मुलीला काय काय येतं, तर ही मलाच म्हणते, तुम्हाला मायक्रोमीटर वाचता येतो का? मी म्हणलं येतो. खोटं बोललो. लग्नानंतर तिनंच शिकवला. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये खोलणारा मी अन् घडवणारी ती, बोर्डावर नाव माझं हाय, पण ज्याला माहीत हाय त्याला माहीत हाय.

आता तुम्ही विचारलं का जुन्या जीपला पावर स्टेरिंग बसवायचं हे डोक्यात कुठून आलं. डोक्यात आलं नाय, गिऱ्हाईकांनी आणलं. दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला व्हता, हौशी माणूस, म्हणला, मिस्तरी, माझ्या पोराच्या गाडीचं स्टेरिंग एका हातानं फिरतं अन् माझ्या जीपला दोन माणसं लागतात, हिला बी तसं करा की. म्हणलं करू, त्यात काय. भंगार बाजारातून एका मोठ्या डिझेल गाडीचा पावरचा बॉक्स आणला, तेलाच्या दाबानं चाकं वळवतो तो, इंजिनावर पंप बसवला, तेलाची टाकी, पाईप, सगळं झकास. आजूबाजूचे चार मिस्तरी बघायला आले, चहा सांगितला, मी ऐटीत गाडी काढली अन् उजवीकडं स्टेरिंग मारलं. जीप गेली डावीकडं! मी घाबरून अजून उजवीकडं दाबलं, ती अजून डावीकडं, सरळ चहाच्या टपरीच्या पाण्याच्या पिंपाला जाऊन टेकली. झालं असं व्हतं का मूळ गाडीत तो बॉक्स ज्या तोंडानं बसतो त्याच्या उलट तोंडानं मी तो बसवला व्हता, त्यामुळं त्याचा दांडा उलटा ढकलायचा. त्या टपरीवाल्यानं सहा महिने मला उलटा मिस्तरी म्हणून हाक मारली. मंदा काय म्हणली माहिती हाय? ती म्हणली, बरं झालं, आता ही चूक तुमच्याकडनं परत व्हायची नाय. अन् झाली नाय.

त्यानंतर मी ते काम सोडलं नाय. एक केली, दुसरी केली, दहावी केली. कुठला बॉक्स घ्यायचा, पंपाची पुली इंजिनाच्या पुलीशी दोऱ्यात, म्हणजे एका रेषेत, कशी आणायची, नायतर पट्टा ओरडतो, पाईपातली हवा कशी काढायची, पुढची चाकं उचलून स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत बसायचं, तेलाचा फेस मोडेपर्यंत, हे सगळं हातात बसलं. पुण्याहून, मुंबईहून लोक यायला लागले. मोठेपणा म्हणून नाय सांगत, पण या कामात आपला हात धरणारा नाशकात तरी कोणी नाय, अन् असन तर त्यानं यावं, चहा पाजतो.

तर नानी. तीन वर्षं झाली असतील. सकाळची वेळ, शेडसमोर एक जीप येऊन थांबली, डाळिंबासारखी लाल, अन् मागं एक पांढरी कार. जीप कोणी भाड्याचा ड्रायव्हर चालवत व्हता, बाजूला एक बाई बसलेली, साठ-पासष्टची, नऊवारी, डोक्यावर पदर, अन् उजव्या हातात मनगटापासून दंडापर्यंत एक घट्ट पट्ट्याची बाही. कारमधून तिचा मुलगा उतरला, विलास, इथंच नाशकात कॉलेजात शिकवतो, सभ्य माणूस. म्हणला, मिस्तरी, इंजिन धूर मारतं, तेवढं ठीक करून द्या, मुंबईचं गिऱ्हाईक हाय, जुन्या गाड्या जमवणारं, महिन्याभरात येणार हाय. म्हणलं ठीक. तेवढ्यात त्याला फोन आला, तो बोलत बोलत रस्त्यापलीकडं गेला, अन् ती बाई गाडीतून खाली न उतरताच मला म्हणली, भाऊ, इकडं या. मी जवळ गेलो. म्हणली, ही गाडी माले इकनी नही शे. ती सटाण्याच्या पलीकडची, बागलाणातली, बोलणं अहिराणी. मी म्हणलं, नानी, तुमचा मुलगा तर म्हणतो गिऱ्हाईक ठरलंय. ती म्हणली, त्यानं ठरायं आसन. गाडी मनी शे, मीच चालावसू, म्हणजे माझी हाय, मीच चालवणार.

मंग तिनं सांगितलं. तिच्या मालकानं ती जीप देवळालीच्या मिलिटरी गाड्यांच्या लिलावातच घेतलेली, म्हणजे बघा, आमच्या दादांच्या हाताखालून गेलेली असन का नसन देव जाणे. मालक तापानं गेले तेव्हा नानी बत्तीस वर्षांची, पदरात विलास अन् एक मुलगी, अन् जीप चिंचेखाली उभी. दीर म्हणला इकून टाकू, ही म्हणली थांबा. उन्हाळ्यात आरम नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन एकटीनं शिकली, कोणी बघायला नको म्हणून. मंग तीस वर्षं चालवली. डाळिंबं नेली, खत आणलं, अन् गावातल्या अडलेल्या बाया सटाण्याला दवाखान्यात नेल्या, कारण तेव्हा फोन केला अन् गाडी आली असं काय नव्हतं. दोन पोरं तर जीपमध्येच झाली, त्यातल्या एकाला गाव अजून जीप्याच म्हणतं, आता त्याची स्वतःची दोन पोरं हायेत.

अन् मंग तिच्या छातीत गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, बगलेतल्या गाठी बी काढल्या, औषधं झाली, केस गेले, परत आले, बाई वाचली. पण उजवा हात सुजायला लागला. जोर लावला का हात असा फुगून यायचा. अन् आपल्याकडच्या गाडीत डावा हात गिअरवर गेला का स्टेरिंग एकट्या उजव्या हातावर येतं, अन् ते जुन्या जीपचं स्टेरिंग, तुम्हाला सांगितलंच कसं असतं ते. वर्षभर गाडी बंद. नानी म्हणली, भाऊ, तुम्ही स्टेरिंग हलकं करतात असं मी ऐकेल शे, म्हणून मी विलासला म्हणलं धूर दाखवायला याच मिस्तरीकडं जाऊ. मुलाला वाटत व्हतं तो आईला घेऊन आलाय, अन् आई मुलाला घेऊन आली व्हती.

मी खाली झोपून बघितलं. चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं स्टेरिंगचा बॉक्स धरतो, तिथं बोटभर लांब तडा गेलेला. जुन्या जीपची चेसी आधीच पातळ, त्यात गंज. तिथं पावरचा बॉक्स बसवला तर जोर दुप्पट, तडा वाढणार. मी उठलो, हात पुसले अन् म्हणलं, नानी, खरं सांगू का, इका. चांगल्या माणसाच्या हातात जाईन, जपून ठेवीन तो. ती त्या बाहीवरनं दुसरा हात फिरवत बसली. अन् मागून मंदा आली. लेथ बंद करून आली व्हती, म्हणजे सगळं ऐकलं व्हतं. मला म्हणली, तडा भरता येत नाय का? म्हणलं येतो. आतून पत्रा लावून पेटी करता येत नाय का? म्हणलं येते. मंग इका कशाला म्हणता? तुम्हाला करायचा कंटाळा आला असन तर तसं सांगा. मंग नानीकडं वळून म्हणली, पण नानी, आधी डॉक्टरला विचारायचं, मी येते संगं. अन् खरंच दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणले, हलकं असन तर चालवा, जोर लावायचा नाय, बाही घालायची, दुखलं तर थांबायचं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं; त्या सकाळी विलास फोन संपवून आला तेव्हा नानीनंच त्याला सांगितलं, माझ्यासमोर, सगळ्यांसमोर. तो चिडला नाय, चिडला असता तर बरं झालं असतं. तो बाकावर बसला अन् म्हणला, माय, मी दोन वेळा दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो, तू आत अन् मी बाहेर, मला परत तसं बसायचं नाय. मंग माझ्याकडं बघून म्हणला, मिस्तरी, एक सांगा, तुमची ती पावर मध्येच बंद पडली तर? पट्टा तुटला, पाईप फुटला, अन् माय तेव्हा घाटात असली तर? खरं सांगतो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता. सगळे विचारायचे किती हलकं होईन, कोणी विचारलं नाय जड झालं तर काय. मी म्हणलं, सर, त्याचं उत्तर तोंडानं देत नाय, गाडी झाली का दाखवतो. तेव्हा बी तुम्हाला वाटलं नको, तर गिऱ्हाईकाला द्या. नानी म्हणली, चालीन. अन् तसं ठरलं.

काम तीन आठवडे चाललं. तडा घासून भरला, आतल्या बाजूनं पत्रा लावून चेसीची तेवढी जागा पेटीसारखी बंद केली, अन् बोल्ट आरपार जातात तिथं मंदानं लोखंडी नळ्या घडवल्या, नळी आत असली का बोल्ट कितीही आवळा, चेसी दबत नाय. बॉक्स यावेळी तीनदा तोंड बघून बसवला. स्टेरिंगचा जुना दांडा नव्या बॉक्सला जिथं जोडायचा तिथं सांधा दिला. इंजिनाचा धूर बी काढला, त्यात काय विशेष नव्हतं. अन् गाडी तयार झाली तेव्हा मी भगूर रस्त्याला एका मोकळ्या मैदानात नेली, करंगळीनं स्टेरिंग फिरवून बघितलं, लोणी. नुसतं लोणी. मी विलाससरांना फोन केला, नानीला घेऊन या, म्हणलं एका बोटानं चालवतील.

नानी बसली. गाडी काढली, दुसरा गिअर टाकला, वळवायला गेली अन् गाडी भसकन वळली, ती दचकली, उलटं फिरवलं, तशी पलीकडं भसकन गेली, सापासारखी नागमोडी, अन् बाभळीच्या झुडपात जाऊन थांबली. लागलं कोणाला नाय. पण नानी खाली उतरली ती पांढरीफटक. म्हणली, भाऊ, हातले काही लागतच नही. रस्ता लागत नही, चाक लागत नही. ही मनी गाडी नही शे. अन् कारमध्ये जाऊन बसली. विलाससर बी तिच्या मागं गेले अन् कार घेऊन निघाले.

मला लय राग आला, तुम्हाला खोटं कशाला सांगू. घरी येऊन मी म्हणलं, एवढं लोण्यासारखं करून दिलं, आता बाईला चालवता येत नाय त्याला मी काय करू. मंदा भाकऱ्या करत व्हती. ती म्हणली, तुम्ही ती गाडी कोणाच्या बोटानं मापली? म्हणलं माझ्या. चालवणार कोण? म्हणलं नानी. मंग तिचा हात कधी मापला तुम्ही? तीस वर्षं त्या बाईनं रस्ता हातानं ओळखला, खड्डा कुठं, खडी कुठं, चिखल कुठं, अन् तुम्ही तिच्या हातातून रस्ताच काढून घेतला. हलकं मागितलं व्हतं तिनं, मुकं नाय मागितलं. मी जेवलो नाय नीट. कारण बरोबर बोलत व्हती.

दुसऱ्या दिवशी मीच विलाससरांच्या घरी गेलो, म्हणलं नानी, चूक माझी झाली, एकदा शेडमध्ये या, फक्त हात मापायचाय. नानी आली. मी गोणी तोलायचा ताणकाटा आणला व्हता, तोच हुकाचा, कांद्याच्या खळ्यावर असतो तसा. एक टोक खांबाला बांधलं, दुसरं नानीच्या उजव्या हातात दिलं. मंदा तिच्या शेजारी उभी. म्हणली, नानी, हळूहळू वढा, जिथं वाटंल का बास, दिवसभर एवढं वढू शकते, तिथं थांबा. नानीनं डोळे मिटले अन् वढलं, काटा थांबला तिथं मी खडूनं खूण केली. तीनदा केलं, तीनदा खूण तिथंच. माझ्या लोण्याच्या दुपटीपेक्षा जास्त व्हती ती! म्हणजे बाईच्या हातात जीव व्हता, मीच धरून चाललो व्हतो का काही नाय.

मंग गाडी परत खोलली. पंपाच्या तेलाची धार बारीक केली, मंदानं त्यासाठी एक टिकली घडवली, भोक इतकं बारीक का सुई जाईन. अन् पुढच्या आसाच्या अन् स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये तिरप्या पाचरी टाकल्या, त्यामुळं चाकं थोडी मागं रेलतात अन् वळण संपलं का स्टेरिंग आपोआप सरळ यायला बघतं. सायकलचे हात सोडले तरी सायकल सरळ जाते ना, तसं. मंग ताणकाटा स्टेरिंगच्या कड्याला अडकवला अन् वढून बघितलं, खडूच्या खुणेवर येईपर्यंत टिकली चारदा बदलली. चौथ्या वेळी काटा बरोबर आला अन् मंदा म्हणली, हां, आता ही नानीची.

परत तेच मैदान. नानी बसली, यावेळी गाडी काढायच्या आधी थांबली, नुसतं स्टेरिंग थोडं इकडं, थोडं तिकडं हलवलं. मंग निघाली. एक चक्कर, दुसरी, आठाच्या आकड्यासारखी, मंग मुद्दाम खडबडीत बाजूनं. मी बघत व्हतो तिच्या तोंडाकडं, अन् ते तोंड काय सांगू तुम्हाला, माहेरच्या वाटेला लागल्यासारखं. माझ्यासमोर गाडी उभी केली अन् म्हणली, लागस. हातले लागस आता.

मी विलाससरांना म्हणलं, आता तुमचा प्रश्न. अन् बॉनेट उघडून त्यांच्या डोळ्यासमोर पंपाचा पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. म्हणलं, ही घ्या, पावर बंद. ते म्हणले, अहो, तिचा हात. मी नानीला म्हणलं, आता स्टेरिंग पहिल्यापेक्षा बी जड लागंल, कारण तेल दाबून फिरवायला लागतं. पण गाडी चालती असन तर वळते, उभी राहिल्यावर नाय. त्यामुळं पट्टा गेला, आवाज आला, जड झालं, तर घाबरून तिथंच थांबायचं नाय, चालत्या गाडीतच दोन्ही हातांनी कडेला घ्यायची अन् मंग थांबायचं. गिअरला हात लावायचा नाय. एकदाच करायचं, अन् नको वाटलं तर नको. नानीनं मुलाकडं बघितलं. म्हणली, पोरा, तू बी बस, शेजारी बस.

विलाससर बसले, हातात तो पट्टा तसाच. मी पुढं शंभर पावलांवर डावीकडं दोन दगड ठेवले व्हते, म्हणलं त्यांच्या मध्ये घ्यायची. गाडी आली. मी बघत व्हतो, नानीनं दोन्ही हात घातले, अंगाचा भार डाव्या हातावर टाकला, दात आवळले, अन् जीप हळूहळू, पण वळली. वळली अन् दोन दगडांच्या मध्ये येऊन थांबली. मंदानं माझा दंड धरला व्हता ते मला नंतर कळलं. गाडीत दोघं मायलेक तसेच बसून व्हते, बराच वेळ, काय बोलले ते मला माहीत नाय अन् मी विचारलं नाय. मंग विलाससर उतरले, पट्टा माझ्या हातात दिला अन् म्हणले, मिस्तरी, बसवा. अन् एक जास्तीचा गाडीत ठेवा.

नानीचा हात त्यानंतर दोन दिवस सुजला व्हता, हे बी सांगतो, लपवत नाय. मला वाईट वाटलं, फोन केला तर म्हणली, सुजू दे, उतरीन. अन् उतरला. चौथ्या दिवशी गाडी गावाला न्यायची व्हती. मी म्हणलं मी आणून देतो, तर म्हणली, तुम्ही बसा शेजारी, मी नेते. चांदवडच्या पुढं घाट चढलो, समोर कांद्याचे ट्रॅक्टर, मागं ट्रेलर, अन् ही बाई एका लयीत, डावा गिअरवर, उजवा स्टेरिंगवर, पदर दातात. मध्ये एक टेम्पोवाला आत घुसला, मी पाय दाबले खाली, जसा काय माझ्याकडं ब्रेक हाय, तोपर्यंत तिनं गाडी बाहेर काढून परत लायनीत आणली बी व्हती. मला म्हणली, भाऊ, तुम्ही इतकं का घाबरतस? गावात पोचलो तर पारावरचे लोक उभे राहिले. कोणी टाळ्या बिळ्या नाय वाजवल्या, गावाकडं असं नसतं, एक म्हातारा फक्त म्हणला, उनी का गाडी, म्हणजे आली का गाडी? ही म्हणली, उनी. झालं.

आता मी साठीच्या पुढं गेलोय. हल्ली विजेवर चालणारे तयार स्टेरिंग आलेत, तेल नाय, पंप नाय, पट्टा नाय, आम्ही ते बी बसवतो, नवीन गोष्टीला नाय म्हणायचं नाय. मंदाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस गप्प बसली अन् सोळाव्या दिवशी लेथवर, डॉक्टरांना सांगू नका. अन् आमच्याकडं आता एक नियम हाय, जो चालवणार त्यानं आधी यायचं, मालक असो का मालकीण, हात मापल्याशिवाय पाना लावत नाय. लोक हसतात, शिंप्याकडं आल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणलं हसा.

नानी तपासणीला सहा-सहा महिन्यांनी नाशिकला येते, जीप घेऊनच. रिपोर्ट चांगले येतात, देवाची कृपा. गेल्या महिन्यात विलाससरांचा फोन आला, आवाज असा रडवेला. म्हणलं काय झालं सर, पावर गेली का? म्हणले, नाय हो, सुट्टीत आम्ही गावाला गेलो तर मायनं माझ्या बायकोला नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन जीप शिकवली. मिस्तरी, आधी एकीची काळजी करायचो, आता दोन झाल्या. मी इतका हसलो का मंदा लेथ थांबवून बाहेर आली. म्हणलं सर, सूनबाईंना पाठवून द्या, हात मापून घेतो.

तर असं हाय ताई. तुम्ही एवढं ऐकलं, लिहून घेतलं, आमच्यासारख्याचं कोण ऐकतं. तुमची लेखणी चालू राहो, घरचे सगळे धडधाकट राहोत. चहा अजून एक घ्या, अन् जाताना पलीकडच्या रस्त्यानं जा, चौकात खोदून ठेवलंय.